हरीण पडल्यावर पुढे काय? कोलोरॅडोच्या डोंगरात सरकारी जमिनीवरची पहिली शिकार

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार हा विषय आपल्या पिढीसाठी आजोबांच्या गप्पांपुरता उरला. हाका, मचाण, कुणाच्या तरी माळ्यावरची गंजकी ठासणीची बंदूक. त्यामुळे डेन्व्हरला आल्यावर ऑफिसातला शेजारी ऑक्टोबरात आठवडाभर रजा टाकून ‘हरणाला’ जातो, तोही रीतसर परवाना काढून आणि सरकारच्याच जंगलात, हे पचायला मला दोन वर्षं लागली. तिसऱ्या वर्षी मी त्याच्याबरोबर गेलो, पाचव्या वर्षी एकटा. गेल्या काही वर्षांत इथल्या चार-पाच मराठी मित्रांनी ‘सुरुवात कुठून करू?’ असं विचारलं. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं: शेवटाकडून करा.

शेवट म्हणजे मांस गाडीपर्यंत आणणं. म्यूल डिअर जातीच्या मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस साधारण ५० ते ७० पाऊंड भरतं. हाडांसकट आणलंत तर बरंच जास्त. त्यात मुंडकं, रायफल आणि स्वतःचं सामान. एकट्या माणसाला दोन फेऱ्या ठरलेल्या. म्हणजे गाडीपासून तीन मैल आत हरीण पाडलंत, तर मांस बाहेर काढायला नऊ मैलांची चाल: भरलेली, रिकामी, पुन्हा भरलेली. तीही नऊ हजार फुटांवर, बर्फात, बहुधा अंधारात. पहिल्या वर्षी मी हा हिशेब केला नव्हता. खाली दरीत हरीण दिसलं, उतरलो, नेम धरला, हरीण पडलं. मग मान वर केली आणि चौदाशे फूट चढ दिसला. घरी पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. तेव्हापासून माझा नियम आहे: जिथून दोन फेऱ्यांत वर आणता येणार नाही, तिथे दुर्बीण लावायची, बंदूक नाही.

कागदपत्रं: एप्रिलच्या आधी

कोलोरॅडोत हरणाचा परवाना दुकानात जाऊन सहज मिळत नाही. सगळे सोडतीने. ‘कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ’ हे राज्याचं खातं एप्रिलच्या पहिल्या दिवसांत अर्ज बंद करतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निकाल लावतं. राज्य ‘युनिट’ नावाच्या तुकड्यांत विभागलेलं आहे, आणि परवाना ठरावीक युनिटचा, ठरावीक हंगामाचा, नर किंवा मादी असा ठरवून मिळतो. नराच्या परवान्यावर शिंग किमान पाच इंच हवं. सोडतीत नाव आलं नाही तर एक ‘प्रेफरन्स पॉइंट’ जमा होतो, पुढच्या वर्षी कामी येतो. काही युनिटं दहा-पंधरा वर्षांचे पॉइंट खातात. त्यांच्या नादी लागू नका. पहिल्या वर्षी शून्य किंवा एका पॉइंटवर मिळणारं युनिट घ्या. सोडत हुकली तर दुसरी सोडत आणि नंतर उरलेल्या परवान्यांची यादी असते, तीही बघायची.

अर्जाआधी दोन गोष्टी हव्यात. एक, १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ‘हंटर एज्युकेशन’ कार्ड लागतं. कोर्स कंटाळवाणा वाटेल, पण कुंपण ओलांडताना बंदूक कुठे ठेवायची हे मला तिथेच कळलं. दुसरं, ‘क्वालिफाइंग लायसन्स’, म्हणजे छोट्या शिकारीच्या वार्षिक परवान्यासारखा एखादा परवाना, आधी विकत घ्यावं लागतं. ते नसेल तर अर्ज घेतच नाहीत. राज्यात सहा महिने वास्तव्य झालेलं असेल तर रहिवाशाचा दर. बाहेरच्याला जवळजवळ दहापट पडतो, तेव्हा नुकतेच राहायला आला असाल तर एक वर्ष थांबा.

आणि आपल्या लोकांचा खास प्रश्न: व्हिसा. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्यात बंदूक बाळगायला आडकाठी नाही. एच-वनसारख्या व्हिसावर असाल तर एरवी बंदी आहे. अमेरिकेतला वैध शिकार परवाना हातात असणं हा तिला असलेला एक अपवाद. अपवादावर पाय ठेवून उभं राहायचं असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नाही. ज्यांना ही जोखीम नको त्यांच्यासाठी सप्टेंबरातला धनुष्यबाणाचा हंगाम आहे. तो अवघड, पण फार सुंदर.

नकाशा: उन्हाळाभर

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथे निम्मं काम आयतं झालेलं असतं. धार, सोंड, नाळ, खिंड, पदर हे शब्द डोक्यात असले की कंटूरचा नकाशा वाचता येतो. पदर हा शब्द विशेष लक्षात ठेवा. उभ्या उतारावर मध्येच सपाट पट्टी असते ना, तसे पदर रॉकीजमध्येही आहेत, आणि मोठे नर दिवसभर त्यांच्यावरच बसलेले असतात. पाठीमागे चढ, समोर उघडी दरी. मागून येणारा वास वारा सांगतो, समोरचं डोळ्यांना दिसतं.

जमीन कुणाची हे आधी. नॅशनल फॉरेस्ट आणि ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या केंद्रीय खात्याची जमीन शिकारीला साधारणपणे खुली असते. एकट्या व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टचं क्षेत्र सुमारे २३ लाख एकर आहे. पण मधे मधे खासगी रँच घुसलेली असतात, आणि कोलोरॅडोत खासगी जमिनीवर शिकारीला परवानगी लागते, मग कुंपण असो वा नसो, पाटी असो वा नसो. ‘मला दिसलं नाही’ ही सबब चालत नाही. फोनवर ऑनएक्ससारखं जमिनीच्या हद्दी दाखवणारं अॅप घ्या आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण दरीत रेंज नसते. राज्याच्या ‘स्टेट ट्रस्ट’ जमिनी सरकारी दिसतात, पण सगळ्या शिकारीला खुल्या नाहीत. त्यांची यादी वेगळी बघायची.

एक रंजक भानगड इथेच सांगतो. पश्चिमेत कित्येक ठिकाणी सरकारी आणि खासगी तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे आहेत. एका सरकारी चौकोनातून तिरप्या सरकारी चौकोनात जायचं तर फक्त कोपरा ओलांडावा लागतो. २०२१ मध्ये वायोमिंगमधल्या एल्क माउंटनवर मिझुरीहून आलेल्या शिकाऱ्यांनी चक्क शिडी लावून कोपरा ओलांडला, खासगी जमिनीवर पाऊल न ठेवता. रँचमालकाने खटला भरला. २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या (पश्चिमेतल्या काही राज्यांच्या) केंद्रीय अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि कोलोरॅडोही त्याच सर्किटमध्ये येतं. तरी नवख्याने कोपऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. रस्त्यापासून सलग सरकारी जमीन भरपूर आहे.

मी पश्चिमेला मीकर आणि रायफल गावांच्या परिसरात जातो. हो, गावाचं नाव खरंच रायफल आहे. व्हाइट रिव्हरच्या खोऱ्यातला म्यूल डिअरचा कळप राज्यातल्या सर्वांत मोठ्या कळपांत मोडतो. हे प्राणी उन्हाळ्यात फ्लॅट टॉप्सच्या पठारावर, दहा-अकरा हजार फुटांवर असतात आणि बर्फ साचायला लागला की सेजब्रश आणि ओकच्या झुडपांच्या खालच्या पट्ट्यात उतरतात. म्हणून तुमच्या हंगामाची तारीख आणि त्या वर्षीचा बर्फ ही दोनच उत्तरं हवीत. ऑक्टोबर-अखेरच्या हंगामात कोरडं असेल तर वर शोधा. नोव्हेंबरात फूटभर बर्फ पडला असेल तर वर जाऊन पाय मोडून घेण्यात अर्थ नाही, ती केव्हाच खाली गेलेली असतात. नोव्हेंबराच्या मध्यापासून माजाचा काळ सुरू होतो. एरवी पहाटेच गडप होणारा नर तेव्हा माद्यांच्या मागे भरदुपारी फिरताना दिसतो.

फ्लॅट टॉप्सच्या ‘विल्डरनेस’ हद्दीत, म्हणजे कायद्याने जसंच्या तसं राखलेल्या रानात, मोटार चालत नाही, एटीव्ही ही रानात चालणारी चारचाकी दुचाकीही नाही. तिथलं ट्रॅपर्स लेक बघाच. १९१९ मध्ये वनखात्याने आर्थर कार्हार्ट या माणसाला तळ्याकाठी बंगल्यांचे प्लॉट पाडायला पाठवलं. त्याने परत येऊन सांगितलं, इथे काहीच बांधू नका. शंभर वर्षांनंतर मी तिथे सकाळी चहा पितो तो त्याच्या कृपेने.

बंदूक आणि अंगावरचं

यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला फार बोलायचं नाही. कायदा म्हणतो: किमान .२४ कॅलिबर, नळी किमान १६ इंच, हरणासाठी गोळी किमान ७० ग्रेन वजनाची, लागल्यावर फुलणारी, आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाऊंड ऊर्जा. .२७० विंचेस्टर, .३०८, ६.५ क्रीडमूर यांपैकी काहीही चालेल. उरलेले पैसे दुर्बिणीवर घाला. १० बाय ४२ ची (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) बरी दुर्बीण आणि तिपाई. तिपाईशिवाय दुर्बीण धरली की हातांची थरथर समोरच्या उतारावरची सगळी हरणं पुसून टाकते.

सराव मात्र बाकावर बसून करू नका. शंभर यार्ड पळत जा, धाप लागलेली असताना बसून, काठीच्या टेकूवर नेम धरा. दहापैकी नऊ गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात पडतात, ते तुमचं अंतर. माझं पहिल्या वर्षी १५० यार्ड होतं. त्यात लाज नाही.

कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झळझळीत केशरी किंवा गुलाबी कापड सक्तीचं आहे, डोक्यावरची टोपी धरून, चहूबाजूंनी दिसेल असं. (गुलाबी २०१६ पासून चालतं. माझी मुलगी निवडते.) हरणाला केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला मात्र मैलावरून दिसतो. आतून लोकर. सुती बनियन घरी ठेवा; घामाने भिजलं की नऊ हजार फुटांवर ते अंगावरचा बर्फच. डेन्व्हरहून थेट डोंगरात धावत सुटू नका, पहिला दिवस तंबू लावण्यात आणि पाणी पिण्यात घालवा. डोकं ठणकायला लागलं की खाली उतरायचं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ असावं. शिकारीच्या परवान्याच्या पैशांतले काही सेंट राज्याच्या शोध-बचाव निधीला जातात. ते वसूल करायची वेळ येऊ नये.

वारा

हरीण तुम्हाला पाहून एकदा थांबतं, ऐकून दोनदा विचार करतं. वास लागला की विचार करत नाही.

डोंगरात वाऱ्याचं रोजचं वेळापत्रक असतं. रात्री आणि पहाटे गार हवा जड होऊन नाळेनाळेने खाली वाहते. ऊन उतारावर आलं, जमीन तापली की साधारण नऊ-दहाच्या सुमारास ती उलटते आणि वर चढायला लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे हरणाच्या वरच्या अंगाला जाऊ नका, तुमचा वास थेट त्याच्या नाकात वाहत जाईल. पहाटे दरीपलीकडून, समोरच्या सोंडेवरून बघत बसायचं. वारा चढता झाला आणि हरीण पदरावर बसलं की मग वळसा घालून वरून उतरायचं. वारा उलटतो त्या अर्ध्या-पाऊण तासात काही करू नये. तो गोंधळलेला असतो, आपणही. खायचं काढा.

वारा बघायला दुकानात पावडरची बाटली मिळते. मी देवघरातल्या भस्माची चिमूट सोडतो. आईला अजून सांगितलेलं नाही.

बघणं

पहाटे कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. सुरू व्हायच्या वेळी तुम्ही जागेवर बसलेले हवेत, चालत नव्हे. म्हणजे डोक्याला दिवा बांधून चारला निघणं.

आख्खं हरीण शोधू नका, ते दिसत नाही. तुकडे शोधा. उभ्या झाडांच्या जंगलात एक आडवी रेघ: ती पाठ. झुडपात एक हलणारं पान, वारा नसताना: तो कान, खेचरासारखा मोठा. राखाडी दगडांत पांढुरका गोल ठिपका: ढुंगण. समोरचा उतार मनात चौकोनांत कापा आणि एकेका चौकोनावर दोन मिनिटं द्या. डावीकडून उजवीकडे झालं की पुन्हा डावीकडून. गेल्या वर्षी एका उतारावर मी चाळीस मिनिटं काहीही पाहिलं नाही. मग एका ओकच्या झुडपाखालची मुळी हलली. मुळी नव्हती, शिंगाची दुबेळकी होती. तो पहिल्यापासून तिथेच बसला होता, रवंथ करत.

सकाळी ऊन येणाऱ्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर ती चरतात, कारण तिथला बर्फ आधी वितळतो आणि झुडपं उघडी पडतात. ऊन वाढलं की उत्तरेकडच्या सावलीत किंवा पदरावर. दचकलेलं म्यूल डिअर चारही पाय एकदम उचलून रबरी चेंडूसारखं उडत जातं, पण बऱ्याचदा धारेवर पोचून एकदा मागे वळून बघतं. तेवढ्यासाठी घाई करू नका. धारेवरचं जनावर म्हणजे मागे आभाळ, आणि गोळी पलीकडे कुठे उतरेल ते दिसत नाही. तिथे चाप ओढायचाच नाही.

गोळी

हरीण आडवं उभं हवं, किंवा किंचित पाठमोरं. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर: तिथे फुप्फुसं आणि हृदय. डोकं नाही, मान नाही, समोरून नाही. मनात ‘बहुतेक’ हा शब्द आला तर सेफ्टी परत लावा.

गोळी झाडल्यावर जागचे हलू नका. हरीण उभं होतं तिथलं झाड, दगड डोळ्यांत साठवा, फोनवर फोटो काढा. शंभर पावलं चाललात की सगळी झुडपं सारखीच दिसतात. अर्धा तास थांबा. मग रक्त बघा. गुलाबी, फेसाळ म्हणजे फुप्फुस, जवळच पडलं असेल. गडद लाल म्हणजे यकृत, आणखी थांबा. हिरवट, दुर्गंधी असेल तर पोटात लागलंय; कित्येक तास थांबावं लागतं, आणि त्या दिवसाचा तुमचा आनंद तिथेच संपतो. तरी माग सोडायचा नाही. शेवटच्या थेंबाला कापडाची चिंधी बांधा, मग पुढचा थेंब शोधा.

हरीण पडल्यावर

मागच्या बाजूने जा, काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही की झालं. मी क्षणभर बसतो. काय करतो ते सांगत नाही.

लगेच परवान्याचा टॅग फाडून त्यावर सही आणि तारीख. हे आधी, फोटो नंतर. वॉर्डनला ओली शाई आवडते.

आता चाकू. पोट न फाडता करायची पद्धत एकट्या माणसाला सोयीची. रबरी हातमोजे घाला. हरीण कुशीवर झोपवा, उतारावर असेल तर एक पाय झाडाला बांधा. पाठीच्या कण्यावरून कातडं उघडा आणि खाली पोटाकडे सोलत न्या. पुढचा फरा उचला. तो हाडाच्या सांध्याने जोडलेलाच नसतो, मांसाच्या पडद्यातून चाकू फिरवला की सुटतो. मग कण्यालगतची पाठीची लांब पट्टी, मानेपासून कमरेपर्यंत, एका सलग तुकड्यात. मागची तंगडी खुब्याच्या वाटीतून सोडवा. मानेचं मांस. उलटवा, दुसरी बाजू तशीच. शेवटी, शेवटच्या बरगडीमागे हात घालून कमरेच्या आतल्या दोन मऊ पट्ट्या काढा. त्या टाकून देणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्याशी माझं पटत नाही. खाण्याजोगं मांस टाकून येणं कायद्यानेही गुन्हा आहे. एका मागच्या तंगडीला नराचं लिंग किंवा अंडकोश नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्या. जनावर नर होतं याचा पुरावा म्हणून तपासनीस तोच बघतो.

मांसाचे शत्रू तीन: ऊब, ओल, घाण. जाळीच्या कापडी पिशव्यांत भरून सावलीत फांदीला टांगा, वारा लागू द्या. प्लॅस्टिकची कचऱ्याची पिशवी वापरलीत तर रात्रीत आंबेल. पहिल्या फेरीत सर्वांत चांगलं मांस न्या, म्हणजे अस्वल आलंच तर त्याला फरे मिळतील.

खाण्याआधी

इथल्या हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ नावाचा मेंदूचा रोग आहे. तो पहिल्यांदा १९६७ मध्ये इथेच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये लक्षात आला. तो प्रिऑनमुळे होतो, आणि प्रिऑन कुकरच्या कितीही शिट्ट्यांनी मरत नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नका असा अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. बाधित हरीण बाहेरून ठणठणीत दिसू शकतं, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. मेंदू आणि मणक्याला चाकू लावू नका, आणि मुंडकं राज्याच्या खात्याकडे तपासायला द्या. काही युनिटांत काही वर्षी ते सक्तीचं असतं. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथे आख्खं धड किंवा मणका न्यायला बहुधा बंदी असते; म्हणून हाडं डोंगरातच काढलेली बरी.

निकाल येईपर्यंत फ्रीझरमधल्या प्रत्येक पुडक्यावर तारीख आणि परवान्याचा क्रमांक लिहून ठेवा, दोन शिकाऱ्यांचं मांस एकत्र केलं असेल तर नक्कीच. निकाल ‘आढळला नाही’ असा आला की पांढरा पापुद्रा पूर्ण सोलून काढा. उग्र वास त्याचा आणि चरबीचा, मांसाचा नाही. पाठीची पट्टी मसाल्यात घालू नका. मीठ, मिरी, तूप, तापलेला बिडाचा तवा, एकेका बाजूला दोन-तीन मिनिटं. फऱ्याचा खिमा करा, पण त्यात थोडी मटणाची चरबी घाला, नाहीतर भुसा होतो. मानेचं मांस मात्र कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या वाटणात, कुकरला नाही, जाड बुडाच्या पातेल्यात तीन तास. झाकणावर पाणी ठेवून.